नेस्टाच्या नावाचं फूल

फेब्रुवारी उजाडला की वेल्सच्या सीमेवरच्या, टेम नदीकाठच्या त्या गावात सगळ्यांची फाटकं उघडी व्हायची आणि म्युरिअल बिकर्टनच्या फाटकाला कडी लागायची.

स्नोड्रॉपवाल्यांच्या जगात याहून मोठा अपमान नाही. एरवी वर्षभर ही माणसं आपापल्या चुलीशी बसून असतात. पण चिखलातून स्नोड्रॉपची ती बोटभर उंचीची पांढरी फुलं वर आली की चांगल्या शहाण्यासुरत्या, निवृत्त, गुडघे धरलेल्या माणसांना काय होतं कोण जाणे. गाड्या काढून डोंगरापलीकडे जायचं, लोकांच्या बागेत ओल्या मातीवर आडवं व्हायचं, खाली मान घातलेलं फूल एका बोटानं उचलायचं आणि आतल्या पाकळीवर हिरवा ठिपका एक आहे की दोन, यावर सूप गार होईपर्यंत हमरीतुमरीवर यायचं. लांबून बघणाऱ्याला सगळी फुलं सारखीच दिसतात. त्यांना तसं म्हणून बघा एकदा. पुन्हा चहाला बोलावणार नाहीत.

आणि अशा दिवसांत म्युरिअल फाटक लावून घ्यायची. कुणी फोन केला तर म्हणायची, "सर्दी झालीय," नाहीतर, "वाट निसरडी झालीय, कुणी पडलं तर माझ्या डोक्याला ताप." लोक तिला खडूस म्हणत. त्यात नवं काही नव्हतं. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई, नाकावर माशी बसू द्यायची नाही. तिच्या विद्यार्थिनी आज आज्या झाल्या तरी रस्त्यात ती दिसली की आपोआप ताठ चालतात.

लोकांना वाटायचं, हिला फुलं दाखवायची नाहीत. खरं तर तिला एकच फूल दाखवायचं नव्हतं, आणि एकाच माणसाला.

ते फूल तिच्या धाकट्या बहिणीला सापडलं होतं. नेस्टा फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवायची. खेड्याखेड्यातून पुस्तकं वाटत हिंडायची, आणि पुस्तकांबरोबर आपल्या बागेतली रोपंही. दोघी बहिणींनी लग्न केलं नाही. आईवडिलांच्या घरात, एकीनं आवरायचं आणि दुसरीनं पसरायचं, असा त्यांचा संसार चालला होता. एका फेब्रुवारीत घरामागच्या जुन्या फळबागेत, डॅमसनच्या, म्हणजे आंबट आलुबुखारासारख्या फळझाडांच्या कुंपणाखाली, नेस्टाला दोन वेगळीच रोपं उगवलेली दिसली. एकाच बोंडातून पडलेल्या बियांची असावीत, इतकी सारखी. फुलावरची टोपी हिरवी नाही तर फिकट पिवळी, आणि आतल्या प्रत्येक पाकळीवर दोन बारीक ठिपके.

नेस्टा दोन्हींवर डोळा ठेवून बसली. स्नोड्रॉपच्या माणसांची ही रीतच आहे. नवं फूल सापडलं म्हणून लगेच गावभर करायचं नाही. चार-पाच हिवाळे जाऊ द्यायचे, खूण दर वर्षी तशीच येते का ते बघायचं आणि पक्की झाल्याशिवाय कुणाला दाखवायचंसुद्धा नाही. दोन रोपांतलं एक पक्कं निघालं. त्याचे ठिपके कितीही थंडी पडो, एकमेकांपासून लांबच राहायचे, आणि टोपीचा पिवळा रंग देठापर्यंत उतरायचा. दुसऱ्याचे ठिपके कडक गारठ्यात खालून एका केसाएवढ्या रेघेनं जुळायचे. नेस्टानं दुसरं उचलून पावसाच्या पाण्याच्या पिंपाशेजारी लावून टाकलं.

"ही पण गोड आहे गं," ती म्हणाली होती, "पण ती ती आहे."

जे फूल पक्कं ठरलं त्याला बघायला लोकांना बोलवायचं, असं ज्या वर्षी ठरलं, त्याच वर्षीच्या शरदात नेस्टा अंथरुणाला खिळली. दवाखान्यात तिला भेटायला जवळजवळ रोज येणारा माणूस म्हणजे ॲम्ब्रोज प्रॉसर. तो गुरांचा निवृत्त डॉक्टर होता, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, मोठ्यानं हसणारा, खिशात कायम कसला तरी कंद नाहीतर दोरा. नेस्टाचं आणि त्याचं काय होतं हे त्या दोघांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि म्युरिअलनं कधी विचारलं नाही. त्यानंच ते नाव काढलं. "न बघितलेल्या फुलाचं बारसं करायचं ना? मग नाव नेस्टा."

"इश्श, दुसरी नावं संपली का जगातली?" नेस्टा म्हणाली, पण तिला ते आवडलं. मग बहिणीकडे वळून म्हणाली, "म्युरिअल, पहिला कंद ॲम्ब्रोजला दे. मग जो मागेल त्याला दे. एकाच वाफ्यात कोंडून ठेवू नकोस तिला."

म्युरिअल "हो" म्हणाली. नोव्हेंबरात नेस्टा गेली.

त्या फेब्रुवारीत फूल वर आलं, आणि म्युरिअल त्याच्यासमोर ओल्या गवतात बसून ढसाढसा रडली. घरात आता आवरायला काही उरलं नव्हतं, कारण पसरणारी गेली होती. उरलं होतं ते एवढंच, डॅमसनखालचं मूठभर पांढरं. ते फोडून याला त्याला वाटायचं, उद्या परक्यांच्या अंगणात बघायचं, कुणी म्हणायचं, "आमच्याकडची नेस्टा तुमच्यापेक्षा जोमदार आहे हं," हे तिला सहन होणारं नव्हतं. पण बहिणीला शब्द दिलेला होता आणि ॲम्ब्रोज फाटकाशी रिकामी कुंडी घेऊन उभा होता. तेव्हा फुलं सुकून गेली होती, नुसती पानं उरली होती. पानं हिरवी असतानाच हे कंद हलवायचे असतात.

"आत येऊ नकोस, चिखल आहे," ती म्हणाली. "मी आणते."

कुंडी घेऊन ती डॅमसनकडे निघाली. तिथं पोचलीसुद्धा. खुरपं हातात होतं. मग वळली, पाण्याच्या पिंपाशी गेली आणि तिथला कंद काढून कुंडीत लावला.

ॲम्ब्रोजनं कुंडी दोन्ही हातांनी घेतली. त्यानं आभार मानले नाहीत. रोपाबद्दल आभार मानले की ते रुजत नाही, असं त्या भागात अजून मानतात. तो एवढंच म्हणाला, "सांभाळीन हं."

"मरेल कदाचित," म्युरिअल म्हणाली. "नाजूक आहे." खरं सांगायचं तर तिची तशी इच्छाच होती.

पण गुरांच्या डॉक्टरच्या हातात ती मरायची कसली! दोन-तीन वर्षांत त्यानं एकाचे चार केले. मग धारदार सुरीनं कंदाच्या पातळ फोडी करून, त्या ओलसर वाळूत घालून, कपाटात अंधारात ठेवून त्यानं चाराचे चाळीस केले. आणि नेस्टानं सांगितलं होतं तसं, जो मागेल त्याला वाटत सुटला. हेरफर्डपासून डोंगरापलीकडच्या वेल्सपर्यंत बागांतून 'नेस्टा' लिहिलेल्या पाट्या उभ्या राहिल्या. सगळ्या खोट्या, आणि हे जगात एकट्या म्युरिअलला ठाऊक.

खोट्याचं एक असतं. एकदा बोललं की संपत नाही, त्याला रोज जेवू घालावं लागतं. ॲम्ब्रोज एकदा जरी फेब्रुवारीत तिच्या बागेत आला असता तर एका दृष्टिक्षेपात त्याला फरक कळला असता. म्हणून फाटकाला कडी. पहिली काही वर्षं तो कुंपणावरून ओरडायचा, "म्युरिअलबाई, दर्शन द्या की! मूळची नेस्टा बघू द्या गरिबाला." ती खिडकीतूनच हात हलवायची, जा म्हणून. मग त्यानं ओरडणं सोडलं. मार्चपासून पुढे दोघं नेहमीसारखे भेटायचे, चर्चच्या सफाईला, बाजारात. पण ज्या महिन्यात नेस्टाबद्दल बोलावंसं दोघांनाही सगळ्यात जास्त वाटायचं, त्या महिन्यात ती आतून कडी लावून एकटी बसायची. तिला करमायचं नाही, हे तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

मग तो ओला हिवाळा आला. नाताळपासून पाऊस थांबला नाही, थंडी पडलीच नाही. जानेवारीच्या शेवटी म्युरिअल डॅमसनखाली वाकली तर वर येणारी टोकं करड्या लवेनं माखलेली. स्नोड्रॉप लावणाऱ्याला ही बुरशी ओळखायला पुस्तक लागत नाही. तिनं सगळे कंद उपसले, कुजलेला भाग कापला, औषधात बुडवले, नवी वाळू, नवी कुंडी, नवी जागा केली. वर्षभर डोळ्यात तेल घालून राखण केली. पुढच्या फेब्रुवारीत वाळूतून काहीही वर आलं नाही. तिनं बोटानं उकरून पाहिलं. कंदांच्या जागी तपकिरी टरफलं होती, आतून पोकळ.

ती तशीच मातीच्या हातांनी घरात आली आणि तिनं ॲम्ब्रोजला फोन लावला. का लावला, ते तिला सांगता आलं नसतं. दुसऱ्या कुणाला लावणार होती?

"नेस्टा गेली," ती म्हणाली.

म्हातारीला भ्रम झाला की काय, असं त्याला वाटलं असावं. मग म्हणाला, "फूल म्हणतेस होय? बुरशी?"

"काही उरलं नाही रे. एक फोडसुद्धा नाही."

"अगं मग रडतेस काय वेड्यासारखी!" ॲम्ब्रोजचा आवाज एकदम मोठा झाला. "माझ्याकडे आहे ना ती! तुझ्याच हातची! रविवारी माझ्याकडे जेवण आहे स्नोड्रॉपवाल्यांचं. ये. यंदा सर्दीबिर्दी काही ऐकणार नाही. भरलेली कुंडी घेऊन जा घरी."

म्युरिअलनं रिसीव्हर ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत राहिली. रडण्याच्या भरात ती विसरलीच होती, की त्याच्या लेखी नेस्टा जिवंत आहे.

रविवारी ती गेली. न जाऊन सांगणार काय? ॲम्ब्रोजच्या घरात ओल्या कोटांचा आणि लीकच्या पातीच्या सुपाचा वास भरला होता. मेजावर हॅम-सफरचंद भरून भाजलेली मोठी पाई, चीज, शेरी वाइनचे पेले. खिडकीशी बदलाबदलीच्या कुंड्या मांडलेल्या. इतक्या वर्षांनी म्युरिअलला बघून सगळे उठले. कुणी खुर्ची दिली, कुणी सूप वाढलं. तिच्या नुकसानीची बातमी सगळ्यांना कळली होती, आणि जो तो येऊन तिच्या दंडावर हात ठेवून तेच सांगत होता.

"काळजी करू नका, आमच्याकडची नेस्टा छान आहे."

"आमच्याकडे तर पसरलीय नुसती."

"तुमच्या बहिणीची कृपा."

म्युरिअल सूप ढवळत होती.

जेवणं होत आली तेव्हा पिपा मॅडॉक्सनं विषय काढला. ही सगळ्यांत तरुण, म्हणजे पन्नाशीची, आणि ठिपक्यांच्या बाबतीत बापाचंही न ऐकणारी. स्नोड्रॉपच्या जाती, त्यांच्या खुणा आणि त्यांचा उगम यांवर ती पुस्तक करत होती.

"म्युरिअल, एक विचारू? रागावू नका. माझ्याकडच्या नेस्टाचे ठिपके कडक थंडीत जुळतात. खाली, अगदी बारीक रेघेनं. ॲम्ब्रोजकडचेही जुळतात. मूळ झाडाचे जुळायचे का?"

"आली बघा पोलीस," ॲम्ब्रोज म्हणाला. सगळे हसले.

"हसू नका हो. मूळ झाड यांच्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. यांनी सांगितलं की मी तसं लिहिते, आणि पुढे लोक तेच धरून चालतील."

मेजाभोवतीच्या सगळ्या माना म्युरिअलकडे वळल्या. तोंडाशी आलं होतं. 'नाही. नेस्टाचे कधीच जुळले नाहीत.' एवढी दोनच वाक्यं. मग तिनं ॲम्ब्रोजकडे पाहिलं. तो हातातला चाकू तसाच धरून तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. उलट अभिमान होता. आपल्या माणसाला कुणी काही विचारावं आणि उत्तर त्यालाच ठाऊक असावं, तसा.

"जुळायचे," म्युरिअल म्हणाली. "थंडीत जुळायचे."

"झालं समाधान?" ॲम्ब्रोज पिपाला म्हणाला, आणि पाईचा शेवटचा तुकडा त्यानं म्युरिअलच्या ताटलीत वाढला.

म्हणजे आता खरी नेस्टा मातीतून गेली होती आणि तिच्या खुणाही गेल्या होत्या. कुणाच्या बागेत उद्या चुकून तसं फूल उगवलं, तर लोक त्यालाच म्हणणार होते, ही नेस्टा नव्हे.

जेवण आटोपल्यावर ॲम्ब्रोज तिला आपल्या गाडीतून घरी घेऊन आला. कुंडी तिच्या मांडीवर होती. गच्च भरलेली, पिवळ्या टोप्यांची, वळणावळणाला डुलणारी. फाटकाची कडी त्यानंच काढली. नेस्टा गेल्यापासून फेब्रुवारीत त्या फाटकातून आत यायची त्याची ती पहिलीच वेळ.

"कुठं होती?" त्यानं विचारलं.

तिनं डॅमसनखालची मोकळी जागा दाखवली. तो कण्हत-कुंथत गुडघ्यांवर बसला, हातानं माती सारखी केली, खुरप्यानं खड्डा घेतला आणि कुंडी उलटी करून मुळांसकट गड्डा तळहातावर घेतला. मग त्यातल्या एका फुलाला बोट लावून, आपण एकटेच आहोत अशा आवाजात म्हणाला, "चल गं नेस्टा. आलीस बघ घरी."

"तिथं नको लावूस," म्युरिअल म्हणाली.

"का? इथं बुरशी आहे म्हणून? माती बदलू की."

"ती नेस्टा नाहीये."

तो हसला. "वय झालं तुझं."

"ॲम्ब्रोज, ती नेस्टा नाहीये. कधीच नव्हती. मी तुला दुसरी दिली. पिंपाजवळची. नेस्टाचे ठिपके जुळायचे नाहीत. आज मी खोटं बोलले, आणि तेव्हाही खोटंच बोलले."

त्याचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ ते तोंडावर तसंच राहिलं, मग हळूहळू उतरलं. त्यानं हातातला गड्डा पाहिला. मग समोरचा खड्डा पाहिला.

"का गं?"

"तिला वाटून टाकायचं माझ्या जिवावर आलं. मला वाटलं, एवढी एक तरी माझ्याकडे राहू दे. चुकलं माझं. मोठी चूक केली. तुला खरी दिली असती तर आज ती असती."

त्यानं गड्ड्यावरची सुटी माती बोटानं झटकली. मग म्हणाला, "ती कशी होती?"

म्युरिअल सांगू लागली. टोपी पिवळी, पण हिच्यासारखी नाही, फिकट, हिवाळ्यातल्या लोण्यासारखी. देठही वरून पिवळसर. ठिपके लांब लांब. आणि वारा आला की... तिथं ती अडली. भूगोलाच्या तासाला कधीही न बघितलेले देश मुलींपुढे उभे करणाऱ्या बाईला घरामागचं एक फूल सांगता येईना. ॲम्ब्रोज मान खाली घालून ऐकत होता. मेलेल्या जनावराचा मालक काय काय झालं ते सांगत असतो आणि डॉक्टरला मध्ये काही बोलता येत नाही, तसा.

"आणि म्हणून ते फाटक," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मी समजत होतो, मला बघून तुला तिची आठवण येते, म्हणून तू लावून घेतेस. म्हणून मी यायचं सोडलं." त्यानं खुरपं मातीत खोचलं. "मला कंदाचं काही नव्हतं गं. ती म्हणाली होती म्हणून कुंडी घेऊन आलो. नाही देत म्हणाली असतीस तर नुसता बघायला आलो असतो. दर वर्षी. बसलो असतो दोघं इथं, चहा घेतला असता, आणि गेलो असतो घरी."

म्युरिअलला हुंदका फुटला. तिनं तो आवरला नाही. ॲम्ब्रोजनं तिच्याकडे पाहिलं, पण उठून जवळ आला नाही. त्यानं गड्डा पुन्हा कुंडीत बसवला, कडेची माती अंगठ्यानं दाबली आणि डॅमसनच्या खोडाला धरून कसाबसा उभा राहिला.

"पिपाला मी सांगते उद्या," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगते. पत्र टाकते, फोन करते. ज्यांच्याकडे ज्यांच्याकडे आहे त्यांना सगळ्यांना."

"सांग. सांगायलाच हवं." त्यानं कुंडी छातीशी धरली. "ही मी परत नेतो. तुला नाही बघवणार."

फाटकाशी पोचल्यावर तो थांबला. पाठमोराच होता.

"इतकी वर्षं रोज सकाळी दार उघडलं की पहिल्यांदा मी हिच्याशी बोलतो, म्युरिअल. ऊन पडलं तर ऊन पडलं म्हणून सांगतो, गुडघा दुखला तर गुडघ्याचं सांगतो. लोकांना तू काय सांगायचं ते सांग. पण उद्या सकाळी मी हिला कुठल्या नावानं हाक मारू, एवढं मला सांग."

म्युरिअल डॅमसनखालच्या खड्ड्याशीच उभी राहिली. थोडा वेळ वाट बघून तो गाडीत बसला, कुंडी शेजारच्या सीटवर ठेवली आणि निघून गेला. फाटक उघडंच राहिलं होतं.